झाडांनाही डास चावतात

श्रोतेहो, पावसाळा ओसरायला लागला की आपल्याकडे डासांच्या बातम्या सुरू होतात. महापालिकेची माणसं दारावर येतात, कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून द्या म्हणतात. धूरफवारणीची गाडी गल्लीतून फिरून जाते. डास स्वतः आजार तयार करत नाही, एकाचा आजार तो दुसऱ्याकडे पोचवतो, एवढं आता चौथीतल्या मुलालाही ठाऊक असतं. हाच व्यवहार झाडांच्या जगातही चालतो, याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. रस्त्याकडेचं झाड वाळलं की आपण 'कीड लागली' म्हणतो, नाहीतर 'वय झालं होतं' म्हणतो आणि करवतवाल्याला बोलावतो. झाड हिरवं असल्यापासून करवतवाला येईपर्यंत मधे काय काय घडतं आणि हवामानाचा त्यात किती हात असतो, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर खारघरला राहतो. ज्यांनी खारघर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका अंगाला डोंगर, पांडवकड्याचा धबधबा आणि वर आदिवासी पाडे. दुसऱ्या अंगाला खाडी आणि तिवरं. मधे सिडकोनं आखलेलं, सेक्टरांमध्ये मोजून कापलेलं नवं शहर, आणि त्या सेक्टरांच्या सांदीत ओवे, बेलपाडा, कोपरा ही जुनी गावं. पनवेल ओलांडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचं अभयारण्य येतं. थोडक्यात, इथं शहर आणि जंगल एकमेकांना खेटून आहेत. माणसाला वनखात्याची पाटी दिसते, किड्याला ती दिसत नाही.

किडा झाडाला आजार देतो तो कसा? अगदी डासासारखा सरळ प्रकार पाहायचा तर चंदनाचं उदाहरण घ्यावं. १८९९ मध्ये कूर्गच्या, म्हणजे आजच्या कोडगूच्या जंगलात चंदनाचा एक विचित्र रोग नोंदला गेला. पानं बारीक होत जातात, ताठ उभी राहतात आणि फांदी खिळे ठोकल्यासारखी दिसते. म्हणून त्याला 'स्पाइक' म्हणजे खिळ्याचा रोग म्हणू लागले. रोगट झाड दोन-तीन वर्षांत मरतं. कितीतरी दशकं या रोगाचं कारणच हाती लागत नव्हतं. पुढे कळलं की फायटोप्लाझ्मा नावाचा, जिवाणूंच्याच नात्यातला पण पेशीभित्तिका नसलेला एक सूक्ष्म जीव झाडाच्या रसवाहिन्यांत राहतो आणि तुडतुडे रस पिता पिता तो या झाडाकडून त्या झाडाकडे नेतात. नागपूर-अमरावतीच्या संत्र्यावर येणारा ग्रीनिंग हा रोगही याच तऱ्हेचा. तिथं सायला नावाची बारीक कीड वाहकाचं काम करते.

पण आपल्या कोकणात मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रकार. यात किडा रोग घेऊन येत नाही, तो फक्त दार उघडून देतो. काजूच्या बागायतदारांना 'ढेकण्या' माहीत आहे. इंग्रजीत याला 'टी मॉस्किटो बग' म्हणतात, म्हणजे चहाच्या मळ्यातला डास. प्रत्यक्षात हा डास नव्हे, ढेकणाच्या कुळातला रसशोषक किडा. लांबीला जेमतेम पाऊण सेंटिमीटर, अंग तांबूस-काळं, पाय लांब, आणि पाठीवर टाचणी उलटी रोवावी तसा एक बारीक दांडा. एकदा ही टाचणी पाहिली की मग ओळखायला चुकत नाही. मादी अंडी घालते ती कोवळ्या फांदीच्या आत खुपसून. बाहेर दिसतात फक्त दोन केसासारखे तंतू. पिल्लं बाहेर पडली की कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसतात, आणि खुपसताना त्यांची विषारी लाळ आत जाते. काही तासांत त्या जागी तपकिरी, मग काळा डाग पडतो. एक किडा एका दिवसात असे कित्येक डाग पाडतो. डाग एकमेकांना मिळाले की शेंडा जळल्यासारखा दिसतो. चिंध्या जळाव्यात तसा काजूचा मोहर काळा पडतो तो यामुळे. आणि मग त्या जखमांमधून बुरशी आत शिरते आणि फांदी टोकाकडून मागं मागं वाळत येते. याला शेंडेमर म्हणतात. किडा तोवर पुढच्या झाडावर गेलेला असतो.

हाच ढेकण्या कडुनिंबावरही बसतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. ज्या झाडाचा पाला आपण धान्यात कीड लागू नये म्हणून घालतो, त्यालाच कीड कशी लागेल? लागते. कडुनिंबाच्या शेंडेमर रोगाला कारण असलेल्या बुरशीला १९९७ मध्ये म्हैसूरच्या संशोधकांनी स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं, फोमॉप्सिस ॲझाडिराक्टी. पुढं २०२१ मध्ये तेलंगणात रस्त्याकडेचे, शेताच्या बांधावरचे कडुनिंब गावोगाव शेंड्याकडून तपकिरी पडत गेले. तिथल्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पाहणी केली, तेव्हा या बुरशीच्या जोडीला ढेकण्याही सापडला. किडा शेंडा टोचतो आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडणारी बुरशी टोचलेल्या जागेतून घर करते. कोकणात कडुनिंब हा मुळात देशावरचा पाहुणा. कोरड्या हवेत वाढलेलं हे झाड, अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात आपण आणून लावलं आहे. खारघरच्या रस्त्यांवर शेंडे वाळलेले कडुनिंब मी पाहिले आहेत. प्रत्येकाचं कारण हेच असेल असं तपासल्याशिवाय कुणी म्हणू नये, पण पहिली शंका इकडेच जायला हवी.

तिसरा प्रकार तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, कदाचित नकळत. विलायती शिरिषाखाली, म्हणजे पर्जन्यवृक्षाखाली लावलेल्या गाडीची काच चिकट होते. आंब्याखालच्या फरशीवरही तसाच चिकटा पडतो. हे झाडाचे अश्रू नव्हेत. वर पिठ्या ढेकूण किंवा तुडतुडे बसलेले असतात. ते इतका रस पितात की त्यातली बरीचशी साखर तशीच बाहेर टाकतात. त्या साखरेवर काळी बुरशी वाढते. विदर्भातले संत्रा बागायतदार तिला 'कोळशी' म्हणतात आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. ती झाडाच्या आत शिरत नाही, पानावर काजळी धरते आणि ऊन अडवते. पान आपलं अन्न करू शकत नाही आणि आधीच रस गमावलेलं झाड आणखी खंगतं. २०१० नंतरच्या दशकात मुंबईत जुने, डेरेदार पर्जन्यवृक्ष वाळायला लागले, त्यांच्यावर पिठ्या ढेकणांचे पांढरे थर होते. काहींनी सगळा दोष कीटकांना दिला, काहींनी बुंध्याभोवतीच्या काँक्रीटला. माझ्या मते दोघंही अर्धं सांगत होते.

आता हवामानाकडे येऊ. 'तापमान वाढलं म्हणून किडे वाढले' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. ते चुकीचं नाही, पण आपल्या मुलखाला पुरेसं नाही. किड्यांचं रक्त आपल्यासारखं स्वतःची ऊब राखत नाही. बाहेर जितकी ऊब, तितक्या वेगानं अंड्यातून पिल्लू आणि पिल्लातून किडा होतो. त्यामुळे थंड देशांत उष्णता वाढली की परिणाम थेट दिसतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं उदाहरण जगभर सांगितलं जातं. तिथल्या पाइनच्या जंगलात सालीखाली राहणारा एक भुंगेरा आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. तो तोंडातल्या पिशवीत लाकूड निळं करणारी बुरशी बाळगतो, आणि दोघं मिळून झाड मारतात. पूर्वी हिवाळ्यात पारा शून्याखाली पस्तीस-चाळीस अंशांवर गेला की सालीखालच्या अळ्या मरत आणि भुंगेऱ्यांची संख्या आपोआप आटोक्यात राही. हिवाळे सौम्य झाले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या भुंगेऱ्यानं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला झळ पोचवली. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक आहे.

आपल्याकडे असली थंडी कधीच नव्हती. खारघरला स्वेटर निघतो तो आठ दिवसांसाठी. मग आपल्या किड्यांना आजवर लगाम कुणी घातला? तर कोरड्या दिवसांनी. पावसाळा संपला की काजू-आंब्याला नवी पालवी येते, ढेकण्या आणि तुडतुडे वाढतात. थंडीत मोहरावर त्यांची चंगळ असते. पण फेब्रुवारी-मार्चनंतर हवा कोरडी होते, पालवी जून होते, ऊन भाजायला लागतं आणि त्यांची संख्या ओसरते. बुरशीलाही पान ओलं लागतं, ते मिळत नाही. वर्षातले हे चार-पाच कोरडे महिने आपल्या झाडांना श्वास घ्यायला मिळतात. कडुनिंबाचंच पाहा, पावसाळ्यात वाळलेला शेंडा मागं ठेवून तो चैत्राच्या आसपास पुन्हा फुटतो. पाडव्याला गुढीला बांधायला कोवळा पाला मिळतो तो या कोरड्या दिवसांच्या कृपेनं.

हवामानबदलानं आपल्याकडे नेमका हा लगाम सैल होऊ लागला आहे. १ डिसेंबर २०२१ ला मुंबईसह सगळ्या कोकणात जोरदार पाऊस झाला. ऐन मोहराच्या तोंडावर. अशा पावसानंतर आठवडाभर आभाळ भरलेलं राहतं, पानं ओली राहतात, झाड अवेळी पालवतं, आणि ढेकण्याला व बुरशीला जे मार्गशीर्षात संपायला हवं होतं ते पुन्हा वाढून मिळतं. एखाद्या वर्षी असं झालं तर झाड सोसतं. ओळीनं दोन-तीन वर्षं झालं तर गेल्या साली वाळलेली फांदी भरून यायच्या आत पुढची वाळते. हवामान म्हणजे नुसता पारा नव्हे, हे खारघरकरांना तरी वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल २०२३ ला इथल्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघातानं चौदा माणसं गेली. त्या दिवशीचा पारा विदर्भातल्या माणसाला फार वाटला नसता. उन्हाच्या जोडीला खाडीकाठचा दमटपणा होता. झाडांचं आणि किड्यांचं गणितही असंच जोडीनं चालतं. कोरडी उष्णता ढेकण्याला मारते, ओली उष्णता त्याला पोसते.

वादळांचा हिशेब आणखी वेगळा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या दिवशी पडलेलं झाड सगळ्यांनी मोजलं. पण नारळावरचा गेंड्या भुंगा अंडी घालतो ती कुजक्या खोडात आणि शेणखतात. वाडीत खोडं कुजत पडली की त्याला दोन वर्षांची सोय होते. तो उभ्या माडाचा कोंब पोखरतो, त्या भोकाच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, पाणी साचून कोंब कुजतो. वादळात वाचलेला माड अशा रीतीनं वादळानंतर जाऊ शकतो, आणि त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

इथवर आभाळाची बाजू सांगितली. पण कोरड्या दिवसांचा लगाम सैल करण्यात आपलाही हात आहे, आणि तो खारघरसारख्या नव्या शहरात सगळ्यात स्वच्छ दिसतो. एप्रिलमध्ये डोंगराकडे पाहा. गवत पिवळं, सागाची पानं गळालेली, किड्याला खायला कोवळं असं फारच थोडं. आणि खाली? सोसायट्यांच्या बागांत रोज सकाळी फवारे चालू, हिरवळ ओली, जास्वंदीची कुंपणं बारमाही कोवळी. जास्वंद म्हणजे पिठ्या ढेकणांचं माहेर. कोपऱ्यात पेरू, शेवगा, तेही ढेकण्याला चालतात. डोंगरावर ज्या महिन्यांत किडे उपाशी मरायचे, त्या महिन्यांत आपण त्यांना खाली पोसतो. पाऊस पडला की तेच पुन्हा वर जायला मोकळे. मी तर म्हणेन, शहर हे आता जंगलातल्या किड्यांचं पाळणाघर झालं आहे.

दुसरं म्हणजे रांगा. रस्ता आखला की त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच जातीची, एकाच वयाची झाडं लावायची आपली हौस. नकाशावर ती छान दिसतात. पिठ्या ढेकणाच्या मादीला पंख नसतात. तिची पिल्लं वाऱ्यावर, मुंग्यांच्या तोंडून, पक्ष्यांच्या पायाला लागून जातात. जंगलात शेजारचं झाड वेगळ्या जातीचं असतं, तिथं पिल्लू उपाशी मरतं. रांगेत प्रत्येक शेजारी त्याच जातीचा. कर्नाळ्याच्या रानात साग आहे, ऐन आहे, कोशिंब आहे, आंबा आहे, आणि हा मिसळलेपणाच त्या रानाचं बरंचसं संरक्षण करतो.

तिसरं काँक्रीट. बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा मिळत नाही, आणि जुलैत पाणी साचलं की मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या झाडातून मद्यार्काचा वास सुटतो. आपल्याला तो येत नाही, पण लाकूड पोखरणाऱ्या काही बारीक भुंगेऱ्यांना तो लांबून येतो आणि ते नेमकं तेच झाड गाठतात. हे भुंगेरे लाकडात बोगदे करून स्वतःच्या खाण्यासाठी बुरशीची शेती करतात. माणसाच्या आधी शेती शोधलेल्या प्राण्यांपैकी ते एक. कौतुक वाटावं असं आहे, फक्त शेत आपल्या झाडात असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ते आपल्याला दिल्लीहून शिकावं लागू नये.

मग औषध फवारावं का? काजूच्या बागेत सल्ल्यानं, वेळेवर फवारणी होते आणि ती ठीक आहे. चाळीस फुटी पर्जन्यवृक्षावर, खाली मुलं खेळत असताना, ती ना शक्य आहे ना शहाणपणाची. शिवाय फवारणीत आधी मरतात ते मित्रकीटक. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि दोन वर्षांत तो पुण्यापर्यंत आला. औषधांना तो पुरून उरला. २०१० मध्ये बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिकोहून एक सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली, आणि तिनं काम फत्ते केलं. आपल्या बागांतही पिठ्या ढेकूण खाणारा एक काळा, नारिंगी डोक्याचा ढालकिडा असतो. त्याची अळी अंगावर पांढरं मेण घेऊन हिंडते, अगदी पिठ्या ढेकणासारखीच दिसते. माळी तिलाच आधी चिरडतात. चटकन पळणारा पांढरा किडा दिसला तर त्याला राहू द्या.

ओंबिलांचं, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांचं, जरा अवघड आहे. मालवणीत त्यांना हुमले म्हणतात. त्या ढेकण्याची पिल्लं खातात, काजूवर त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण गोड चिकट्यासाठी याच मुंग्या पिठ्या ढेकणांना राखणही देतात. तेव्हा काजू-आंब्यावर ओंबील असू द्यावेत, आणि ज्या झाडावर पांढरा थर चढला आहे तिथं बुंध्याला चिकटपट्टी गुंडाळून मुंग्यांची ये-जा थांबवावी. एकच नियम सगळीकडे लावता येत नाही, त्याला इलाज नाही.

सोसायट्यांच्या कार्यकारिणीत जे श्रोते असतील त्यांना दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. डिसेंबरात अवेळी पाऊस झाला की आठ-दहा दिवसांनी कडुनिंबाचे, पेरूचे, आंब्याचे शेंडे जवळून पाहा. शेंडा काळा आहे की पान, वाळणं वरून खाली येतंय की बुंध्याकडून वर जातंय, हे तारखेसह लिहून उद्यान विभागाला कळवा. नुसतं 'झाड वाळतंय' या पत्राचा त्यांना उपयोग नाही. एप्रिल-मेमध्ये फवारे बंद करून मुळाशी पाणी द्या. वाळक्या फांद्या कोरड्या हवेत छाटा, भर पावसात नको, कारण ओली जखम म्हणजे पुन्हा उघडं दार. आणि छाटणीचं काम देताना कंत्राटदाराला विचारा की फांद्या टाकणार कुठं. आमच्याकडे त्या बहुतेक वेळा ट्रकमध्ये भरून डोंगराच्या पायथ्याशी ओतल्या जातात, किडे आणि अंड्यांसकट. तिथून पाड्यांवरचे आंबे आणि मागचं रान दोनशे पावलांवर असतं.